क्रिएटिनिन १.८ आले म्हणजे डायलिसिस जवळ आले का?

अमळनेरच्या ताईंनी विचारले आहे की, ६२ वर्षांच्या वडिलांचे क्रिएटिनिन १.३ वरून १.८ झाले, तर डायलिसिस जवळ आले का. केवळ या आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते आणि मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात. म्हणून वय व लिंग धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडे किती वेगाने रक्त गाळतात याचा अंदाज, पाहावा. १.८ ला या वयाच्या पुरुषाचा ईजीएफआर साधारण ४२ येतो, स्त्रीचा मात्र ३१ च्या आसपास. अंगाने वाळलेल्या वृद्धांत तर क्रिएटिनिन फसवे कमी दिसते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असताना दिवसभर शेतात राबलेल्या माणसाचे क्रिएटिनिन अंगातले पाणी कमी झाल्यानेही वाढते, आणि गुडघेदुखीवर घेतलेल्या डायक्लोफिनॅकनेही. तेव्हा गोळ्यांची पाकिटेच डॉक्टरांना दाखवा आणि फेरतपासणी लांबवू नका. आजार दीर्घकालीन ठरायला बिघाड किमान ३ महिने टिकलेला असावा लागतो. लघवीतील अल्ब्युमिनची (एक प्रथिन) तपासणी तर अवश्य करा, कारण पुढचा धोका तिच्यावरूनही ठरतो.

क्रिएटिनिन वाढले की जळगावकडच्या घरांत पहिल्यांदा केळी बंद होतात, ते मला सरसकट पटत नाही. केळ्यांत पोटॅशियम असते, म्हणून रक्तातील पोटॅशियम तपासून, ते वाढलेले असेल तर केळी आवरावीत.