मदत हवी आहे: घरच्या किटवर आईचं एचबीए१सी उतरलं, ग्लुकोमीटर मात्र तसाच

नमस्कार मंडळी,

माझी आई (वय ६७) ब्रह्मपुरीजवळच्या (जि. चंद्रपूर) गावी दादा-वहिनींसोबत राहते, मी पुण्यात असते. आईला दहा-बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वेळ मेटफॉर्मिन आणि सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड चालू आहे. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी चाचणी, त्यासाठी रक्त द्यायला तालुक्याला जावं लागतं आणि मे महिन्यात ब्रह्मपुरीचं ऊन काय असतं ते तिकडच्यांना सांगायला नको. म्हणून बोटातल्या थेंबावर पाच मिनिटांत आकडा दाखवणारं किट मी मागवून घरी पाठवलं. माझी भाची नर्सिंगला आहे, तिनेच चाचणी केली.

किटवर आकडा आला ६.८. मागचा लॅबचा रिपोर्ट हिवाळ्यातला, त्यात ८.४ होतं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आई तर लगेच म्हणाली, "आता शुगर उतरली न, मंग एवढ्या गोळ्या कायले खावाच्या?" दादाचंही म्हणणं पडलं की ग्लिमेपिराइड बंद करून बघू.

मला मात्र हे पटत नाहीये. ग्लुकोमीटरच्या वहीत उपाशीपोटीचे आकडे अजून १५० ते १७० आहेत आणि जेवणानंतर दोन तासांचे २२० ते २५०. हिवाळ्यातही जवळपास हेच होते. एचबीए१सीवरून सरासरी साखर काढायचं सूत्र आहे: आकड्याला २८.७ ने गुणायचं आणि ४६.७ वजा करायचे. त्याप्रमाणे ८.४ म्हणजे सुमारे १९४. वहीशी हे जुळतं. ६.८ म्हणजे सुमारे १४८. आईची उपाशीपोटीची साखरसुद्धा त्याच्या वर असते, मग सरासरी तेवढी कशी येईल? खाण्यात बदल नाही, गोळ्या त्याच, चालणं उन्हामुळे उलट कमी झालंय.

अजून एक गोष्ट सांगते, संबंध आहे की नाही ते जाणकारांनी सांगावं. हिवाळ्यात आईचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, त्या अजून चालू आहेत. चेहऱ्यावर तजेला आलाय, धापही लागत नाही.

माझे प्रश्न: किटचा आकडा खरा मानायचा का? किट चुकत असेल तर इतकं चुकतं का? आणि दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही असा फरक पडू शकतो का? डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर गोळ्या आहेत तशाच ठेवायला मी घरी सांगितलं आहे.

प्रतिसाद: पॅथॉलॉजीवाला, चंद्रपूर

ताई, गोळ्या तशाच ठेवल्या हे उत्तम केलंत.

आधी किटचं बोलतो. चांगल्या, प्रमाणित पद्धतीलाही पाच टक्के इकडेतिकडे धरावे लागतात. म्हणजे ६.८ हे साधारण ६.५ ते ७.१ मधलं काहीही असू शकतं. पण ८.४ चं ६.८ तेवढ्याने होत नाही. किट कुरियरमध्ये किती तापलं आणि चाचणीच्या वेळी खोली किती गरम होती ते विचारा. काही किटना चाचणीसाठी १८ ते २८ अंशांची खोली लागते, साठवण फ्रीजमध्ये सांगितलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावूनही खोली तेवढी उतरत नाही. पाकिटातला कागद नीट वाचा.

पण मला खरा संशय लोहाच्या गोळ्यांवर आहे. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, जितकी जुनी तितकी तिला साखर जास्त चिकटलेली. लोह कमी असताना हा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. लोह मिळालं की कोवळ्या पेशी भराभर तयार होतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, आणि आकडा खाली येतो. रक्तातली साखर तीच राहते. तेव्हा आईंचं ८.४ कदाचित थोडं फुगलेलं असेल आणि आताचं ६.८ थोडं दबलेलं. अशा काळात वही जास्त खरी धरावी, फक्त ग्लुकोमीटर एकदा लॅबच्या साखरेशी ताडून घ्या.

दुसरं, आपल्या भागात विचारायलाच हवं: घरात कुणाला सिकलसेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार) आहे का? आईंची तपासणी झाली आहे का? वाहक (अंगात दोष आहे, पण आजार नाही) असेल तर काही पद्धतींवर एचबीए१सी चुकीचं येतं, काहींवर बरोबर येतं. आजारच असेल तर या चाचणीला अर्थच उरत नाही. सिकलची पहिली चाचणी सरकारी दवाखान्यात होते.

आता शिरेतून रक्त देऊन एचपीएलसी पद्धतीवर (लॅबचं यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतं ती) एचबीए१सी करा, सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा सकाळी उन्हाआधी जाऊन या. एचपीएलसीच्या आलेखात वेगळं हिमोग्लोबिन असेल तर बहुतेक वेळा दिसतं. डॉक्टरांना फ्रुक्टोसामाइनबद्दलही विचारा. ती चाचणी मागच्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगते आणि पेशींच्या वयाशी तिचा संबंध नाही. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर मात्र तीही फसवते.

प्रतिसाद: साताऱ्याची सून

दादांचं ग्लिमेपिराइड बंद करायचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका, त्या गोळीने साखर फार खालीही जाऊ शकते. माझ्या सासऱ्यांची साखर ग्लिमेपिराइडवर असताना पहाटे ५४ झाली होती, घामाने भिजले होते. कधीतरी पहाटे तीनला साखर बघायला सांगा. या वयात एचबीए१सीचं ध्येय सगळ्यांचं सारखं नसतं, कुणाला ७, कुणाला ८ पर्यंतही चालतं. तुमच्या आईचं किती ठेवायचं हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्या. नाहीतर घरात प्रत्येकजण आपापला आकडा धरून बसतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. लोहाचं हे कुणीच सांगितलं नव्हतं. भाचीला विचारलं: किट दारात आल्यावर दिवसभर पडवीतच पडून होतं आणि चाचणी दुपारची होती. म्हणजे तिथेही शंका आहेच. मामांच्या मुलाला सिकलसेलच्या तपासणीनंतर मिळणारं पिवळं कार्ड आहे, हेही आज दादाकडून कळलं. आईची तपासणी कधीच झालेली नाही, ती आधी करून घेतो. पहाटेची साखर आज दादा स्वतः उठून बघणार आहे. वहीचे फोटो, जुना रिपोर्ट आणि लोहाच्या गोळ्या कधी सुरू झाल्या ती तारीख असं सगळं डॉक्टरांना एकत्र दाखवायला सांगितलंय.

एक शेवटची मदत हवी आहे. फ्रुक्टोसामाइन ब्रह्मपुरीत होत नाही असं तिथल्या लॅबने सांगितलं. नागपूरला कुठे होतं, नमुना ब्रह्मपुरीहून पाठवला तर चालतो का आणि कसा पाठवायचा, हे कुणी सांगू शकेल का?