मॅनेजर काढला आणि पुढची मॅच बरोबरीत सुटली: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, फुटबॉल क्लबने मॅनेजर (म्हणजे मुख्य कोच) काढला की पुढच्या मॅचला आपण नेहमीसारखे बसत नाही. जिंकलो तर ‘बरं झालं गेला’ म्हणता येतं. हरलो तर ‘बघा, दोष त्याचा नव्हताच’ म्हणता येतं. बरोबरी झाली की यातलं काहीच हाती लागत नाही. राग आहे तिथेच राहतो, आशाही तिथेच राहते, आणि रात्री झोप येत नाही. अशा रात्रींबद्दल इथे लिहा. कुठलाही क्लब, कुठलाही देश चालेल. त्या रात्री काय वाटलं ते आधी सांगा, नंतरचं शहाणपण नंतर.

सुरुवात मी करतो. माझा क्लब लंडनचा चेल्सी, 27 जानेवारी 2021, समोर वुल्व्ह्ज.

आमचा मॅनेजर आणि क्लबचाच जुना स्टार खेळाडू लॅम्पार्ड, त्याला सोमवारी, 25 तारखेला काढलं. आदल्याच दिवशी एफए कप या इंग्लंडच्या बाद स्पर्धेत ल्यूटनला 3-1 हरवलं होतं आणि टॅमी अब्राहमने हॅटट्रिक केली होती. पण लीगमध्ये आम्ही नवव्या नंबरवर होतो आणि उन्हाळ्यात वीस कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला होता, हेही खरंच. माझ्या वयाच्या चेल्सीवाल्यांसाठी लॅम्पार्ड म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. क्लबसाठी 211 गोल, चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा) म्युनिकमधल्या फायनलला कॅप्टन टेरी निलंबित असताना हाताला कॅप्टनचा पट्टा. खेळाडूंच्या खरेदीवर बंदी असतानाच्या वर्षात त्याने माउंट, रीस जेम्स, अब्राहम ही अकादमीतली पोरं उभी केली. तो गेला तेव्हा घरातलं कुणी नोकरीवरून काढलं गेल्यासारखं वाटलं मला.

मंगळवारी नवा मॅनेजर टूखेल आला. पॅरिसच्या पीएसजी क्लबने त्याला ऐन ख्रिसमसच्या आदल्या दिवशी काढलं होतं. बुधवारी आपल्या साडेअकराला मॅच सुरू. संघासोबत त्याला जेमतेम एक सराव मिळालेला. आणि टीम लागली तर माउंट बाकावर! आमचा ग्रुप पेटला. लॅम्पार्डचा लाडका म्हणून पहिल्याच दिवशी बाहेर बसवला, असं सगळ्यांचं मत झालं. माझंही तेच.

मॅच कशी झाली? बॉल आमच्याकडेच, जवळपास 79 टक्के. आठशेहून जास्त पास. हडसन-ओडॉय उजव्या बाजूला विंग-बॅक म्हणून वर-खाली पळतोय, मागे तिघे, बॉल इकडून तिकडे फिरतोय, गोल मात्र नाही. उलट वुल्व्ह्जच्या नेटोने एकदा बारवर मारला. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. प्रेक्षक असते तर ओरडले असते, लॅम्पार्डचं नाव घेऊन गायले असते, काहीतरी झालं असतं. त्या रिकाम्या खुर्च्यांमुळे लॅम्पार्डला नीट निरोपसुद्धा मिळाला नाही, हे मला आजही लागतं. 0-0. त्या रात्री टूखेलबद्दल माझ्या मनात राग नव्हता. त्याच्याकडे बघायचीच इच्छा नव्हती.

नंतरचं सगळ्यांना माहीत आहे. एप्रिलपर्यंत हा संघ हरला नाही, मे महिन्यात पोर्तोमध्ये मँचेस्टर सिटीला 1-0 हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. हावर्ट्झच्या त्या गोलचा पास माउंटचा, आणि त्या मोसमाचा चेल्सीचा सर्वोत्तम खेळाडूही माउंटच. मी खूप आनंदात होतो. पण लॅम्पार्ड गेल्याचं दुःख त्यामुळे कमी झालं असं मला म्हणवत नाही. दोन्ही आहे, शेजारी शेजारी.

निळी ओढणी, डोंबिवली

दादा, तुमच्याकडे स्टेडियम रिकामं होतं, माझ्या आठवणीतलं भरलेलं आहे. मीही चेल्सीचीच. 25 नोव्हेंबर 2012, समोर मँचेस्टर सिटी.

आमचा मॅनेजर डी माटेओ याने मे महिन्यात एफए कप आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकून दिले. नोव्हेंबरात युव्हेंटसकडे 3-0 हरलो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. सहा महिने! त्याच दिवशी बेनिटेझची नेमणूक. लिव्हरपूलचा बेनिटेझ. ज्यांनी 2005 ची चॅम्पियन्स लीग सेमीफायनल, लिव्हरपूलने आम्हाला हरवलं ती, बघितली आहे त्यांना कळेल आमच्या पोटात काय झालं.

रविवारी रात्री मी आणि माझा भाऊ टीव्हीसमोर. बेनिटेझ बाहेर आला आणि स्टॅम्फर्ड ब्रिजवर हुर्यो उठली. आपल्याच मैदानावर आपल्याच मॅनेजरची अशी हुर्यो मी तोवर कधी ऐकली नव्हती. सोळाव्या मिनिटाला लोक टाळ्या वाजवायला लागले. मला आधी कळेना. भाऊ म्हणाला, ताई, चेल्सीकडून खेळताना डी माटेओचा शर्ट नंबर सोळा होता. तेव्हा जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. मॅच 0-0 सुटली. सिटीचे सिल्वा, अग्वेरो समोर असताना क्लीन शीट ठेवली (एकही गोल होऊ दिला नाही) म्हणजे खरं तर काही वाईट नव्हतं. पण तिचा आनंद कुणी घेतला नाही, मीही नाही.

बेनिटेझने पुढे युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा युरोपा लीग जिंकून दिली, ॲम्स्टरडॅमला, इव्हानोविचच्या अगदी शेवटच्या क्षणीच्या हेडरवर. लीगमध्ये तिसरा नंबर मिळवला. त्याने काम चोख केलं आणि तरी जाईपर्यंत त्याला कुणी आपलं म्हटलं नाही. याचं मला आता वाईट वाटतं. त्याने डी माटेओला काढलं नव्हतं, वर बसलेल्यांनी काढलं होतं. ज्यांनी निर्णय घेतला ते मैदानावर दिसत नाहीत, म्हणून सगळा राग बाकाजवळ उभ्या असलेल्या माणसावर निघतो.

युनायटेड, नाशिकहून

आमचं त्यामानाने ताजं आहे. 28 ऑक्टोबर 2024 ला मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर टेन हाग गेला. वेस्ट हॅमकडे 2-1 हरलो होतो, टेबलमध्ये चौदावे. तीन नोव्हेंबरला आमच्या ओल्ड ट्रॅफर्डवर समोर चेल्सी. त्या दिवशी भाऊबीज. दुपारी ओवाळणी, संध्याकाळी बहिणीकडे सगळे जमलेले, दहाला मॅच.

बाकाजवळ रूड व्हान निस्टलरॉय उभा. मी लहानपणी ज्याचे गोल बघून युनायटेडचा झालो तोच माणूस. आमच्यासाठी दीडशे गोल केलेत त्याने. तात्पुरताच आहे, नवा मॅनेजर अमोरिम ठरलेला आहे, दोनच दिवसांपूर्वी जाहीर झालंय, हे सगळं माहीत असून मला तो जिंकायला हवा होता. सत्तराव्या मिनिटाला ब्रुनोने पेनल्टी मारली तेव्हा मी असा ओरडलो की भाची दचकून रडायला लागली. तिला उचलून घेतलं, गप्प करत होतो, तेवढ्यात चेल्सीच्या कॅसेडोने बॉक्सच्या बाहेरून थेट हवेतलाच बॉल लावला. चार मिनिटंसुद्धा पुढे राहता आलं नाही.

धागाकर्त्यांनी लिहिलंय की बरोबरीत काही हाती लागत नाही. माझं मत वेगळं आहे. त्या 1-1 मध्ये मला सगळं दिसलं. पुढे गेल्यावर सांभाळता न येणं, गोल करायला झगडणं, हे टेन हागच्या वेळीही तेच होतं. पुढे अमोरिमची पहिली मॅच इप्सविचला, तीही 1-1, रॅशफर्डचा दुसऱ्याच मिनिटाला गोल असूनही. मोसमाच्या शेवटी पंधरावे आलो. मॅनेजर बदलून जे बदलणार नव्हतं ते भाऊबीजेच्या रात्रीच समोर होतं. रूडला मात्र अजून थोडा वेळ मिळायला हवा होता, हे मी कुणापुढेही बोलून दाखवीन.

पश्चिम लंडन, मूळची साताऱ्याची

चेल्सीचंच, पण तिसरं. 4 एप्रिल 2023, समोर लिव्हरपूल. ही मी मैदानात बसून पाहिली.

दोन दिवस आधी मॅनेजर पॉटर गेला होता. व्हिलाकडून घरच्या मैदानावर 2-0 हरलो होतो, अकराव्या नंबरवर होतो. त्याच्याच स्टाफमधला ब्रूनो साल्टोर संघ घेऊन उभा राहिला. इथे फरक असा की पॉटरसाठी रडणारं माझ्या आसपास कुणी नव्हतं. त्याच्यावर कुणाचा फार रागही नव्हता. सप्टेंबरात टूखेलला काढलं तेव्हाच आमचे अश्रू संपले होते. एका मोसमात दोनदा मॅनेजर काढला की प्रेक्षक थकतात, आणि तो थकवा खुर्च्या-खुर्च्यांतून जाणवतो.

खेळलो बरे. रीस जेम्सने बॉल जाळ्यात मारला, ऑफसाइड. दुसऱ्या हाफमध्ये हावर्ट्झचा गोल, आम्ही सगळे उभे, मिठ्या मारून झाल्या, आणि मग व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय. अ‍ॅलिसन या त्यांच्या गोलकीपरकडून परत आलेला बॉल हावर्ट्झच्या हाताला लागून आत गेला होता. रद्द. माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे, बरीच वर्षं येणारे. गोल रद्द झाल्यावर ते काही बोलले नाहीत, थर्मासमधला चहा माझ्या कपात ओतला. 0-0.

त्या रात्री स्टँडमध्ये लॅम्पार्ड बसला होता. दोन दिवसांनी तोच हंगामी मॅनेजर म्हणून परत आला. मला इतका आनंद झाला होता की मी साताऱ्याला आईला फोन केला. आईला फुटबॉल कळत नाही, पण लॅम्पार्ड कळतो, कारण माझ्या खोलीत त्याचं पोस्टर होतं. पुढे अकरा मॅचमध्ये एकच विजय, आणि आम्ही बाराव्या नंबरवर.

म्हणून नाशिकच्या दादांशी मी सहमत नाही. एकच मैदान, काढल्यानंतरची पहिलीच मॅच, तीन वेळा 0-0. एकीतून चॅम्पियन्स लीग निघाली, एकीतून युरोपा लीग, एकीतून बारावा नंबर. त्या नव्वद मिनिटांत पुढचं काही दिसत नाही. दिसतं ते मागचं, म्हणजे गेलेल्या माणसाला आपण किती जीव लावला होता ते.

पेठेतला, कोल्हापूर

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालीम संघांची मॅच असली की मैदानात उतरणारी निम्मी पोरं ओळखीची असतात. संघ हरला तर रात्री चौकातच कोचला विचारता येतं, का हरलो ते सांग. त्यालाही उत्तर द्यावं लागतं. तो काय कुठं जाणार? त्याचं घर तिथंच. म्हणून मला ह्या मोठ्या क्लबांचं लई वाईट वाटतं. एक पत्रक निघतं आणि माणूस गेला. तालमीत आम्ही बसून स्टॅम्फर्ड ब्रिजवरची 2021 ची मॅच बघितली होती, मी काही चेल्सीवाला नव्हे, तरी लॅम्पार्डसाठी गप्प बसलो होतो.

मैदानात होतो, हैदराबाद

सगळे इंग्लंडचं लिहितायत, मी आपल्या भारताचं लिहितो.

2024 च्या जूनमध्ये काय काय झालं आठवा. 6 तारखेला कोलकात्यात कुवेतशी 0-0, कॅप्टन सुनील छेत्रीचा निरोप. 11 ला कतारमध्ये 2-1 हार, आणि त्यात तो बॉल रेषेबाहेर गेलेला असताना धरलेला गोल. वर्ल्ड कप पात्रतेची तिसरी फेरी हुकली. 17 ला कोच स्टिमाचला काढलं. जुलैत नवे कोच मानोलो मार्केझ आले, आणि त्यांची पहिली मॅच 3 सप्टेंबरला आमच्या गच्चीबावलीत, इंटरकॉन्टिनेंटल कपला, मॉरिशसशी.

मानोलोंसाठी मी ऑफिसमधून लवकर निघालो. त्यांनी 2022 ला हैदराबाद एफसीला आयएसएल (आपली क्लबांची लीग) जिंकून दिली होती. हे मैदान त्यांचं होतं, आम्ही त्यांचे होतो. मॉरिशस क्रमवारीत 179 वे, आपण 124 वे. मनात आकडे मांडूनच गेलो होतो, तीन तरी होतील.

एकही झाला नाही. बॉल बाजूला, बॉल मागे, परत बाजूला. छेत्री नाही हे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. बॉक्समध्ये बॉल आला की सवयीने नजर त्याला शोधायची. शिट्टी वाजली तेव्हा कुणी ओरडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. माझ्या मागे एक बाप मुलाला सांगत होता, पुढच्या वेळी जिंकतील. पुढच्या वेळी सीरियाने 3-0 हरवलं. त्या अख्ख्या वर्षात भारताने एकही मॅच जिंकली नाही. स्टिमाच नकोच होता असं मी जूनमध्ये म्हणत होतो. त्या रात्री मेट्रोत बसल्यावर मनात आलं, प्रश्न स्टिमाचपेक्षा मोठा आहे.

फातोर्डा ईस्ट स्टँड, मडगाव

हैदराबादच्या भाऊंनी बरोबर लिहिलं, थोडी भर घालतो. मानोलो तेव्हा आमच्या एफसी गोवाचेही कोच होते. एकाच माणसाकडे क्लब आणि देश दोन्ही. आमच्याकडे यावर बरीच भांडणं व्हायची. मला ते पटलेलं नव्हतं, देशाच्या संघाला पूर्ण वेळ देणारा माणूस हवा.

तरी 19 मार्च 2025 सांगायलाच हवा. शिलाँगला मालदीवशी 3-0. पहिला गोल मुंबईच्या राहुल भेकेचा, दुसरा आमच्या लिस्टन कुलासोचा, तिसरा निवृत्तीतून परत आलेल्या छेत्रीचा. आम्ही स्टँडवरची आठ-दहा जणं एका मित्राच्या घरी होतो आणि मालदीवला हरवल्याबद्दल इतके नाचलो की खालचे काका वर आले. लगेच सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशशी परत 0-0. ते काकाही बघायला बसले होते आमच्याबरोबर.