वॅगन आरच्या कंपनी स्टिरिओला सबवूफर: स्टिरिओ न बदलता जमेल का?

पखवाजप्रेमी
नमस्कार मंडळी. गाडी वॅगन आर, कंपनी फिटेड सीएनजी. चेंबूर ते अंधेरी रोजची जा-ये, त्यामुळे गाणी ऐकायला वेळच वेळ. ऐकणं म्हणजे अभंग, नाट्यसंगीत, मधूनच तबला सोलो. घरच्या स्पीकरवर डग्ग्याची मींड कळते, गाडीत नुसतं टप टप. बेस वाढवला की गाणं राहतं बाजूला, दाराची पॅनलंच थरथरायला लागतात.

डिकीत सिलिंडर बसलाय, तिथे वूफरच्या बॉक्सचा प्रश्नच नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात विचारलं तर म्हणाला, कंपनीच्या स्टिरिओला आरसीए आउट (अॅम्प्लिफायरला सिग्नल देणारी वेगळी पिन) नाही, वूफर लागणारच नाही, मोठी अँड्रॉइड स्क्रीन टाका. मला स्क्रीन नकोय हो. स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा आहे तसा चालतोय, गाडी वॉरंटीत आहे. बजेट पंधरा हजार. काय करू?

घाटकोपर_पूर्व
वूफरच्या आधी दारं. आतलं पॅनल काढून बाहेरच्या पत्र्यावर ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर मारणारी) आतल्या बाजूने चिकटवून घ्या आणि रोलरने दाबून घ्या, हवेचे फुगे राहता कामा नयेत. खाली पाण्याच्या निचऱ्याची भोकं असतात, ती मात्र बुजवू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात दारात पाणी साठेल आणि गंज धरेल. माझ्या गाडीत तेवढ्यावरच निम्मं काम झालं.

वायरिंगवाला_काका
स्टिरिओ बदलल्याशिवाय वूफर लागत नाही ही निव्वळ दुकानदारी. लागतो. अॅक्टिव्ह अंडरसीट वूफर घ्या, म्हणजे ज्याच्या पोटातच अॅम्प्लिफायर असतो तो. आठ इंची, चपटा, सीटखाली सरकतो. घेताना डोळ्यांत तेल घालून बघायचं ते एवढंच की हाय लेव्हल इनपुट आहे का. असेल तर आरसीए हवाच कशाला? मागच्या स्पीकरला जाणाऱ्या वायरवरूनच तो सिग्नल उचलतो, स्पीकर आपले चालू राहतात. बऱ्याच मॉडेलमध्ये त्या सिग्नलवरच वूफर आपोआप चालू-बंद होतो, वेगळी रिमोट वायर ओढावी लागत नाही.

खोक्यावरचे 'मॅक्स ६०० वॉट' वाचूच नका, आरएमएस वाचा, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद. १२० ते १५० आरएमएस तुमच्या केबिनला भरपूर. तुमच्या स्टिरिओवर ४ x ५० छापलेलं असेल, त्यातले खरे चॅनलमागे पंधरा-वीस वॉट असतात.

आता वायरिंग, कारण लोक पैसे वूफरवर घालवतात आणि वाट इथे लागते. करंट थेट बॅटरीवरून. लायटर सॉकेटवरून देतो म्हणाला तर तिथूनच माघारी फिरा. १५० वॉटचा वूफर पूर्ण जोरात १३-१४ अँपिअर खातो. वायर ८ गेज, शुद्ध तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास विकतात, दिसायला तीच. एक तार ब्लेडने खरवडा, आतून चंदेरी निघाली की परत करा. बॅटरीपासून वीत-दीड वीत अंतरात फ्यूज पाहिजेच, २० किंवा २५ अँपिअरचा, वूफरच्या माहितीपत्रकात असेल तो. काही बहाद्दर तो आत सीटजवळ बसवतात, 'बदलायला सोपं' म्हणून. अहो, मग बॉनेटमधला अख्खा तुकडा उघड्यावर! तो पत्र्याला घासून सोलला तर आग लागेपर्यंत करंट अडवणारं काहीच नाही, आणि तुमच्या डिकीत सीएनजी आहे.

वायर आत घ्यायची ती फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटमधूनच, म्हणजे भोकातल्या बुचातूनच, तिथून दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखालून. गाडीच्या खालून, गॅसच्या पाइपच्या सोबतीने अजिबात नाही. करंटची वायर एका बाजूने आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्या. एकत्र बांधल्या तर अॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकत बसाल. अर्थिंगची वायर जवळच्याच पत्र्याला, रंग खरवडून चकचकीत करून, रिंग लग (वायरच्या टोकाची गोल कडी) लावून आणि कमीत कमी लांबीची. सीटचा बोल्ट सैल करून त्याखाली अर्थिंग देण्याची पद्धत आहे, मला ती बिलकूल पसंत नाही. तो बोल्ट तुम्हाला धरून ठेवायला आहे.

सीटखाली पिवळं कनेक्टर दिसलं तर हात लावू द्यायचा नाही, ते एअरबॅगचं. आणि वॉरंटीसाठी मूळ वायर तोडायची नाही, सोलायची नाही. स्टिरिओच्या मागच्या कपलरमध्ये बसणारं प्लग-टू-प्लग हार्नेस, म्हणजे तयार वायरचा जोड, मिळतं. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा, नाहीतर ऑनलाइन मागवा. उद्या काढलं की गाडी होती तशी.

पाण्यात_गाडी
काका, सगळं खरं, पण ही मुंबई आहे. हिंदमाता किंवा मिलन सबवेला केबिनमध्ये पाणी शिरलं की सगळ्यात आधी सीटखालचाच माल भिजतो. माझ्या मेहुण्याचा वूफर असाच गेला, आणि वॉरंटीत पाणी बसत नाही.

वायरिंगवाला_काका
बरोबर. म्हणून फ्यूज होल्डर असा घ्या की फ्यूज हाताने निघेल. रस्त्यात पाणी दिसलं की बाजूला थांबून आधी तो उपसायचा. कार्पेट भिजलं असेल तर वूफर बाहेर काढून पूर्ण सुकवल्याशिवाय फ्यूज परत घालायचा नाही. वेल्क्रोने चिकटवलेला असला की काढायला त्रास नाही, म्हणून स्क्रू मारायला लावू नका. स्क्रूखाली जमिनीत काय जातंय हे फिटर बघत नाही.

पखवाजप्रेमी
काका, दंडवत. दोन शंका: कोणत्या सीटखाली? आणि सेटिंग कसं ठेवायचं? दुकानदार म्हणे 'सगळं फुल'.

वायरिंगवाला_काका
शेजारच्या सीटखाली. तुमच्या पायाजवळ काही सरकणारं नको. आधी सीट पुढेमागे करून टेपने उंची मोजा, सगळ्यात कमी भरेल ती धरा. काही गाड्यांत तिथे ट्रे असतो, तो काढावा लागेल.

सेटिंग: स्टिरिओचा बेस आणि इक्वलायझर शून्यावर. वूफरचा लो पास (ज्याच्या खालचेच सूर वूफरला मिळतात ती मर्यादा) ८० हर्ट्झला. १२० ला नेलात तर अभंग म्हणणारे बुवा सीटखालून गाताहेत असं वाटेल. मग स्टिरिओ तुमच्या नेहमीच्या सगळ्यात मोठ्या आवाजावर ठेवून वूफरचा गेन (आवाजाची पातळी ठरवणारं बटण) शून्यापासून हळूहळू वर. वूफर कुठे ठेवलाय हे कानाला कळायला लागलं की थोडं मागे. फेजचा स्विच असेल, ० आणि १८०. ड्रायव्हर सीटवर बसून दोन्ही ऐका, भरीव लागेल ते ठेवा. सिग्नल मागच्या स्पीकरचा आहे, तेव्हा फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला आवाजाचा तोल) पूर्ण पुढे नेलात की वूफर गप्प होईल. तो बिघडला म्हणून दुकानात धावू नका.

आणि घाटकोपरकरांचं ऐका. ८० च्या वरचं सगळं दाराच्या स्पीकरमधूनच येणार, डग्ग्याचाही बराच भाग त्यात येतो. पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग याच बजेटमध्ये बसवा, त्यासाठी वूफर थोडा स्वस्त घ्यावा लागला तरी चालेल.

पखवाजप्रेमी
उंची मोजून टाकतो इथे. रविवारी लॅमिंग्टन रोड उघडा असतो का कोणाला माहीत?

घाटकोपर_पूर्व
बरीचशी दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारी जा, ट्रेनने. ग्रँट रोडला उतरा, तिथे गाडी लावायच्या भानगडीत पडू नका.