मदत हवी आहे: ओपिनेल ६ की व्हिक्टोरिनॉक्स कॅडेट?

मंडळी, खिशात रोज बाळगायला छोटा मिटणारा चाकू घ्यायचाय. आमचं फोंड्याजवळ कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. सुतळी कापणं, कलमाची पट्टी सोडवणं, पिकलेला आंबा किंवा भिरांड (कोकमाचं फळ) फोडून बघणं, एवढंच काम. कोयत्याची कामं कोयताच करेल.

ओपिनेल ६ हातात फार छान बसतो. पातं साधारण ७ सेंमी, उघडल्यावर कडं फिरवलं की पक्कं लॉक. पण मूठ बीच लाकडाची, आणि आपल्याकडचा पाऊस! लाकूड फुगून पातं अडकतं म्हणतात. कार्बन स्टीलला धार सुरेख लागते, पण भिरांडाच्या आंबट रसाने ते काळं पडणार आणि ओलं राहिलं तर गंजणार. घेतलाच तर स्टेनलेस पात्याचाच घेईन.

कॅडेट ८४ मिमी, ॲल्युमिनियमची मूठ, खिशात जाणवतही नाही. मात्र पात्याला लॉक नाही, आणि ओल्या हाताने काम करताना मला तीच धास्ती.

जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत ओपिनेल वापरलेलं कुणी आहे का? मुठीला जवसाचं तेल मुरवून फरक पडतो का? की सरळ कॅडेट घेऊ?