किड्याच्या पाठीवर रेडिओ : उधळपट्टी की गरज?

अंगणातला_दिवा :
काल इथे एका सदस्याने लिहिलं, ‘अमेरिकेत टेक्सासमध्ये चागास रोग पसरवणाऱ्या किड्यांच्या पाठीवर रेडिओ चिकटवून शास्त्रज्ञ रात्रभर त्यांच्या मागे फिरतात. अरे, फवारा मारा, रोग जातो. बाकी सगळे अनुदान उकळायचे धंदे.’ तिथेच दोन ओळी लिहिणार होतो, पण राग आवरेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी टेक्सासमध्येच, सॅन अँटोनिओच्या उत्तरेला राहतो. आमची कुत्री राणी आठ वर्षांची होती. फाटकापर्यंत चालली तरी धापा टाकायची. पहिल्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनी रक्त तपासलं तेव्हा चागास निघाला. हृदय फुगलेलं. मार्चमध्ये गेली. नंतर तिची गोधडी उचलली तर खाली किसिंग बग, म्हणजे चागास पसरवणारा तोच रक्त पिणारा किडा. काळपट, चपटा, पोटाच्या कडेला नारिंगी पट्टे, रुपयाच्या नाण्याएवढा लांब.

तो कुठून आला, हे मला आजही माहीत नाही. आणि हे शोधायलाच तो रेडिओ असतो. इथला किडा रानातला. उंदरांच्या काटक्यांच्या घरट्यांत, सरपणाच्या ढिगात, कुत्र्याच्या खोपटात राहतो. उन्हाळ्यात रात्री दिव्यावर येतो आणि दिवसा गायब. पाठीवर टॅग, म्हणजे तो चिमुकला रेडिओ असेल तर अँटेना घेऊन चालत जायचं. टिकटिक वाढत जाते आणि नेमक्या कुठल्या दगडाखाली दडलाय ते कळतं. त्याशिवाय फवारा मारणार कुठे? आख्ख्या रानावर?

नांगरट :
ते वाक्य माझंच आहे. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. राणीचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण मुद्दा सोडत नाही. १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या देशांनी मिळून मोहीम काढली, घरोघरी जाऊन भिंती फवारल्या. तिथल्या मुख्य किड्यामार्फत होणारा प्रसार उरुग्वेत १९९७ ला थांबल्याचं जाहीर झालं, चिलीत १९९९ ला, ब्राझीलमध्ये २००६ ला. एकाही किड्याच्या पाठीवर रेडिओ नव्हता. हे खोडून दाखवा.

अंगणातला_दिवा :
खोडायचं काय त्यात, खरंच आहे ते. पण तो किडा भिंतीच्या भेगांत राहणारा, माणसाच्या घरातच जन्मणारा आणि मरणारा. भिंत फवारली की संपला. तरीसुद्धा तिथल्याच ग्रान चाकोच्या भागात फवारलेल्या घरांत किडे पुन्हा पुन्हा सापडतातच ना? आमच्याकडे तर घर हे त्याचं घरच नाही. एकच औषध सगळ्यांना लावू नका.

प्रयोगवही :
मी जीवशास्त्र शिकवते, म्हणून मध्ये पडते. त्या टॅगचं वजन साधारण ०.२ ग्रॅम, म्हणजे २०० मिलिग्रॅम. डास असतो दोन-अडीच मिलिग्रॅमचा. आपल्याकडच्या डेंग्यू-मलेरियाला याचा काडीचा उपयोग नाही. तिथे अजून डासांवर रंगीत भुकटी टाकून सोडतात आणि परत पकडून मोजतात. किडा मोठा असला तरी दिवादादा, पाठीवर ओझं घेऊन तो नेहमीसारखा उडेल का? तुम्ही मोजताय ते त्याचं फिरणं की ओझ्याखालचं रखडणं?

अंगणातला_दिवा :
ताई, हे मान्य करावंच लागेल. किती लांब उडतो हे त्यातून कळेल असं मी म्हणणार नाही. दिवसा कुठे लपतो एवढं कळलं तरी मला पुरे आहे.

काजूबाग :
टेक्सासच्या किड्यावर एवढं बोलताय, जरा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गाकडे बघा. २०१६ पासून माकडताप आहे आमच्याकडे, गोचिडी चावून होतो तो. काजूचा हंगाम आणि गोचिडांचा हंगाम एकच. खसखशीएवढी पिल्लं असतात, पायाला चिकटली तरी कळत नाही. माझे काका बोंडू गोळा करून आले, चौथ्या दिवशी तापाने फणफणले, हिरड्यांतून रक्त. वाचले, पण दोन महिने धड बसवत नव्हतं. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच गळतात आणि ती जागा धोक्याची होते. आम्हाला कळतं कधी? वास सुटल्यावर. रेडिओ लावायचाच तर माकडांच्या गळ्यात लावा.

माडाखाली :
माकडांना पट्टे कसले बांधताय! आधी बंदोबस्त करा त्यांचा. यंदा माझ्या चाळीस माडांवर शहाळं म्हणून राहिलं नाही. केळीचे घड कच्चेच ओरबाडतात. पंचनाम्याला तीन वेळा अर्ज केला, कोणी फिरकलं नाही.

काजूबाग :
अगदी! केलडी, म्हणजे लाल तोंडाची माकडं, परवडली म्हणायची वेळ आली, वानरांनी तर कौलं फोडली आमची.

देवराई :
वानरांनी तुमची कौलं फोडली, आणि त्यांचं जंगल कोणी फोडलं? डोंगरच्या डोंगर उघडे करून रबर लावलं, काजू लावला. कर्नाटकात क्यासनूरला १९५७ मध्ये हा ताप पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून बोललं जातंय की जंगल तुटतं तिथे माणूस आणि गोचीड समोरासमोर येतात. माकड या रोगाने आपल्याआधी मरतं. त्यालाच गुन्हेगार ठरवता?

माडाखाली :
शहरात बसून लिहिणं सोपं आहे. माझं पोट त्या चाळीस माडांवर आहे.

देवराई :
मी साताऱ्यात गुरं राखून मोठी झाले. मला शहर शिकवू नका.

प्रयोगवही :
दोघांनी थांबा जरा. काजूबाग बोलले ते कामाचं आहे. गोचिडीवर टॅग बसणं शक्यच नाही, पण वानराच्या गळ्यात पट्टा सहज बसतो. कळप कुठे फिरतो ते कळेल, आणि एखादं माकड हललंच नाही तर त्याच दिवशी माणूस पाठवता येईल. मेलेल्या माकडाभोवती पन्नास फुटांत मॅलॅथिऑन हे कीटकनाशक मारायचं असतं. तेही वास सुटायच्या आत व्हायला हवं.

नांगरट :
म्हणजे फवाराच शेवटी. मी तेच म्हणत होतो.

अंगणातला_दिवा :
फवाराच, पण कुठे मारायचा ते सांगायला रेडिओ. मी हेच म्हणत होतो.

नांगरट :
ठीक आहे. ‘अनुदान उकळायचे धंदे’ हे शब्द मागे घेतो. एकाची कुत्री गेली, दुसऱ्याचे काका मरता मरता वाचले, तिथे तसं बोलायला नको होतं. पण आधी घरोघर औषध पोचवा, मग पट्टे, हे मी म्हणत राहणार.

माडाखाली :
आणि माझ्या शहाळ्यांचं काय ते कोणी बोललंच नाही.

काजूबाग :
उद्या वेळ काढून ये, तुझा अर्ज परत लिहू. सकाळी मी बागेत असेन. परवा ओढ्याच्या वरच्या अंगाला एक वानर पडलेलं दिसलं म्हणतात. मी आरोग्य केंद्रात कळवलंय, अजून कोणी आलेलं नाही. ते येईपर्यंत तरी त्या बाजूला पोरांना पाठवू नका, आणि जाल तिथे गोचिडी चिकटू नयेत म्हणून तेल लावून जा.