साठीशांत, अधिक ज्येष्ठ आणि चिंतनाची वेळ: मदत हवी आहे

वडिलांची जन्मतिथी ज्येष्ठ शुद्ध दशमी, शके १८८८, पराभव संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातलं एका वर्षाचं नाव). शके १९४८ला तेच संवत्सर परत येतंय, पण अधिक ज्येष्ठासह. फोनमधलं कॅलेंडर आधी अधिकातली दशमी दाखवतं. साठीशांतीचा विधी निज (अधिकानंतरच्या नेहमीच्या) ज्येष्ठातच, एवढं नक्की.

मार्कंडेय आणि सप्तचिरंजीवांच्या पूजनानंतर तीळ-गूळ घातलेलं अर्धी ओंजळ दूध प्यायचं असतं. (गूळ उकळत्या दुधात टाकू नका, फाटतं. कोमट होऊ द्या.)

अडलंय पुढेच. होम, पंगत, आहेर यांत ‘उरलेलं आयुष्य कशासाठी?’ या विचाराला अर्धा तासही मिळत नाही, आणि खरं तर दिवस त्यासाठीच. तुमच्याकडे हे चिंतन कधी बसवतात, आदल्या संध्याकाळी की संकल्पाआधी पहाटे? सोबत गीतेचा बारावा वाचावा की पंधरावा? श्लोक दोन्हींत वीसच.