शाळेच्या भिंतीवर पोट्ट्यांकडून चित्रं काढून घ्यायची आहेत, रंग कोणता घेऊ अन् सुरुवात कुठून करू?

दारव्ह्याचा_भाऊ
नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळ. झेडपी शाळेची रस्त्याकडची कंपाउंड वॉल आहे, ६० फूट लांब, ६ फूट उंच, तोंड पश्चिमेकडे. तिच्यावर चुन्याचे थरावर थर अन् मधात एका खताच्या कंपनीची अर्धी पुसलेली जाहिरात. ते सगळं काढून पोट्ट्यांच्या हातानं चित्रं काढायची असं ठरलं, दुसरी ते सातवी मिळून ४० जण आहेत, वर्गणी ९ हजार जमली. २६ जानेवारीच्या आत करायचंय. आता घोळ असा की गुरुजी म्हणतात पेंटरलेच देऊन टाका, पोट्टे भिंत खराब करतील, अन् सरपंच म्हणतात सुविचार लिहा. मले यातलं काहीच येत नाही, माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. कोणी केलं असेल तर सांगा, ऑइल पेंट घेऊ का? टिकते म्हणतात.

गुरुजी_वाशीमवाले
ऑइल पेंट पोरांच्या हातात देऊच नका. हात धुवायला टर्पेंटाइन लागतं, वास डोक्यात जातो, अन् शर्टाला लागलं तर आया तुमच्या दुकानावर येतील. बाहेरच्या भिंतीचं इमल्शन घ्या, पाण्यानं धुतलं जातं. डब्यावर शिशाचं प्रमाण वाचून घ्या, २०१६ च्या नियमाप्रमाणे घरगुती रंगात ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर चालत नाही आणि तसं डब्यावर छापावं लागतं, म्हणून सुटा किंवा बिनालेबलचा रंग स्वस्त मिळतो म्हणून उचलू नका.

आणि आमचा गाढवपणा ऐका. पैसे वाचवायला आम्ही आतल्या भिंतीचं डिस्टेंपर बाहेर मारलं होतं. मृगाच्या पहिल्याच पावसात मोराचा निळा ओघळ हत्तीच्या सोंडेवरून थेट नालीत. तिसरीतली एक पोरगी छत्री घेऊन भिंतीपाशी उभी, कशाला उभी म्हणून विचारलं तर तिच्या मोराला पाऊस लागू नये म्हणून. तेव्हापासून डिस्टेंपरचं नाव काढत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लेखी घ्या हो पण, तोंडी नको. उद्या गुरुजींची बदली झाली की नवीन साहेब विचारतील कोणाला विचारून रंगवलं.

रंगारी_पुसद
भाऊ मी पेंटर आहे, माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतो, पेंटरले पूर्ण काम देऊ नका, फक्त भिंत तयार करायले दोन दिवस बोलवा. खरं काम तेच आहे. चुना वायर ब्रशनं घासून काढा, सगळा काढा, राहिला तर वरचा रंग पोपडे होऊन येते, कितीही महाग रंग मारा. मग पाण्यानं धुवा, दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या, भेगा बुजवा, मग प्रायमर.

हिशोब असा. ६० गुणिले ६ म्हणजे ३६० चौरस फूट. अशा खडबडीत भिंतीले एका लिटरमधे दोन हात (थर) मारले तर ४५-५० फूट होते, म्हणजे पांढरं ८ लिटर, तुम्ही १० ची बकेट घ्या. प्रायमर एक हात, ५ लिटर पुरते. चित्रासाठी पांढऱ्यातच स्टेनर (बाटलीतला घट्ट रंग) टाकून रंग बनवा, पण लिटरले ३० मिलीच्या वर नका टाकू, नाहीतर वाळत नाही अन् हाताले लागत राहते. लाल अन् गर्द हिरवा मात्र तयार डबा घ्या, पांढऱ्यात कितीबी लाल स्टेनर ओता, गुलाबीच होते. ९ हजारात बसते, साधा माल घेतला तर ब्रशचे पैसेबी निघतील.

खालच्या एक फुटात ओल चढते, पांढरा खार फुटते, तिथं चित्र काढूच नका. गेरूचा पट्टा मारा. दरवर्षी दिवाळीत पोट्टेच परत मारतील.

अकोल्याचा_सोनू
वारली काढा ना सोपं आहे, त्रिकोण काढले की झाला माणूस

वर्धेची_ताई
सोनू दादा, वारली तिकडं पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या घरांची. आमच्या पोरांनी तारपा, म्हणजे त्यांचं ते फुंकायचं वाद्य, कधी पाहिला नाही, पण प्रत्येक झेडपीच्या भिंतीवर तारपा नाच आहेच. चांगलीच आहे कला, पण आपल्याकडं काय कमी आहे? तान्हा पोळा आहे, भुलाबाई आहे, कापसाची वेचणी, पळस, एसटीची वाट पाहणारी म्हातारी. पोरांना आधी कागद द्या आणि एकच विचारा, तुझ्या घरापासून शाळेपर्यंत काय दिसतं. आम्ही विचारलं तर ११ जणांनी एकच कुत्रं काढलं, तिघांनी बंद पडलेली पाण्याची टाकी. ते कुत्रं आता भिंतीवर आहे आणि गावात त्याला मान आहे.

मग निवडलेल्या कागदावर चौकोन पाडा, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन पाडा. गेरूत भिजवलेली सुतळी दोन टोकांना ताणून मधून टचकन सोडली की सरळ रेघ उमटते, पोरांना रंगापेक्षा यातच जास्त मजा आली. एका वेळी आठ जणच, ४० सोडले तर जत्रा होईल. पश्चिमेची भिंत म्हणजे दुपारपर्यंत सावली, पण जानेवारीत सकाळी फार थंडी असते, रंग वाळत नाही, नऊनंतर लावा. शनिवार-रविवार धरू नका, वेचणीचे दिवस, मोठी पोरं वावरात असतात. शिडी नाही, बेंचवर सातवीची पोरं, खाली लहान. रंगाला पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून घ्या, चहाचे कप लवंडतात. काळी आउटलाइन अगदी शेवटी, आणि तीही पोरांनीच.

आता खरं दुखणं. आमच्याकडं पोळ्याचे बैल पोरांनी काढले, कोणाला पाच पाय, कोणाचं शिंग कानातून निघालेलं. पाहुणे येणार म्हणून कोणीतरी रात्रीतून पेंटरकडून ते सगळे "नीट" करून घेतले. सकाळी चौथीतला एकजण भिंतीसमोर उभा राहून म्हणे, मॅडम, माझा बैल कोणी विकला? मला उत्तर देता आलं नाही. त्या पोरानं नंतर ब्रश हातात घेतला नाही. पेंटरला आधीच सांगून ठेवा, प्रायमर झालं की तुमचं काम झालं.

सरपंचांना सुविचारासाठी गेटजवळची चार फूट जागा द्या, भांडू नका. आणि जमलं तर एकदा पोरांना सेवाग्रामला आणा, बापू कुटीच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच झाडं आणि चरखा उठवलेला आहे, रंग नाही काही नाही.

रंगारी_पुसद
ताई बरोबर. मी पण एकदा असे बैल नीट केले, पैसे भेटले होते. आता वाईट वाटते.

दारव्ह्याचा_भाऊ
सगळ्यांचे लय आभार. ठराव झाला, सरपंच चार फुटावर तयार झाले (पाच मागत होते). काल कागद वाटले. एका पोट्ट्यानं हरभरा खाणारा रोही (नीलगाय) काढला, एवढा मोठा की कागदात शेपूट मावलं नाही. त्याचा बाप शाळेत आला, म्हणे रात्रभर वावरात हाकलून मी दमलो, आता भिंतीवरबी उभा करता का याले? तर पोट्टा म्हणते, बाबा, समोर तारेचं कुंपण काढतो ना. बाप हसला, पण हो म्हणाला नाही अजून. रंगारी भाऊ, ६० फुटाच्या पट्ट्याले गेरू किती किलो लागन अन् त्यात फेविकॉल टाकू का?

रंगारी_पुसद
३ किलो आणा, उरला तर कुंड्याले मारा. फेविकॉल टाका थोडंसं, नुसता गेरू पाठीले लागते. अन् रोही राहू द्या.